टाकीचा चढ

६ जानेवारी

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. साठी ओलांडलीस तरी माझ्या पत्रात तू चिरंजीवच राहणार, त्याला इलाज नाही. इकडे सर्व क्षेम. तुझ्या वहिनीकडे कुठल्याशा शाळेचे गणवेश शिवायला आलेत, त्यामुळे सकाळपासून मशीनची खडखड चालू आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, मी नवी सायकल घेतली. दोन बोटांवर उचलता येते. घरी आणल्याबरोबर काट्यावर ठेवली, तर दुकानदाराने सांगितल्यापेक्षा किंचित जड निघाली. परत जाऊन त्याला चार शब्द सुनावले. वजन-मापे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला कोण फसवणार?

आमच्या रविवारच्या सायकलमंडळींचे दोन गट आहेत, हे तुला माहीत आहे. पुढचा गट म्हणजे खरे सायकलस्वार. मागचा गट म्हणजे गप्पा छाटत कालव्यापर्यंत जाऊन, चहा ढोसून परतणारे. कोण कुठल्या गटात हे दर एप्रिलमध्ये ठरतं. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे. पुढच्या गटाबरोबर टाकी गाठेल तो पुढे, सुटेल तो मागे. हा नियम मीच केला. कोपऱ्यावरच्या औषधदुकानाचे मालक तेव्हा दर रविवारी सगळ्यांचा खोळंबा करायचे. नियम झाला, औषधवाले मागे गेले, पुढच्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मागच्या गटातलं कुणी आमच्याबरोबर टाकीपर्यंत चढलं, तर त्याने पुढच्या गटात यायलाच हवं, अशीही एक ओळ घातली होती. नियम दिसायला न्यायाचा दिसावा म्हणून. आजवर कुणी चढलेलं नाही.

या वर्षी मात्र पोरांची कुजबुज चालली आहे, की काका चढावर रेंगाळतात. पोरं म्हणजे पन्नाशीची. मी सदुसष्टचा आहे, मान्य. पण औषधवाल्यांच्या मागून सायकल हाकण्यापेक्षा मी ती भंगारात देईन. खरं सांगायचं तर, बारके, तो गट सुटला तर सोमवार ते शनिवार कशासाठी काढायचे तेच मला कळणार नाही. निवृत्त माणसाला कुणीतरी वाट बघणारं लागतं.

तू इस्पितळात जन्मभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना व्यायाम दिलेस, म्हणून तुझं मत विचारतो. सल्ला मागत नाही, हा फरक लक्षात घे.

लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश बेताने कर.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

ती. दादास,

बारकीचा सा. न. वि. वि.

सायकल काट्यावर ठेवलीस हे वाचून आनंद झाला. आता एकदा स्वतःही त्याच काट्यावर उभा राहा, म्हणजे जड नेमकं काय आहे ते कळेल आणि दुकानदाराची माफी मागता येईल.

मत विचारलंस, तर ऐक. आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घे. मग रोज मरमर करायची नाही. आठवड्यातले दोनच दिवस जोर लाव. एखाद्या लहान चढावर दम लागेस्तोवर जा, सावकाश खाली ये, श्वास ठिकाणावर आला की पुन्हा जा. बाकीचे दिवस शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू चालव. तुझ्याशी बोलायला कुणी तयार असेल तर. एक दिवस सायकलला हातसुद्धा लावायचा नाही. आपल्या वयाला बळ येतं ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत, आणि ती तरण्यांपेक्षा जास्त लागते. मांड्यांसाठी हाताचा आधार न घेता खुर्चीतून ऊठबस कर, पुढे हातात थोडं वजन घेऊन कर. चढावर जड गिअर दाबत बसू नकोस. हलका ठेव आणि पाय भरभर मार. पोटभर जेव, दूध-अंडी खा आणि झोप.

राहता राहिला तुझा नियम. दुसऱ्यासाठी खड्डा खणताना आपलीही उंची मोजून ठेवावी म्हणतात. तू मापाच्या खात्यातला असून विसरलास कसा?

वहिनीला माझा नमस्कार सांग. तुझ्या नव्या नादात तिचे हाल होऊ देऊ नकोस.

माया कमी झाली नाही, फक्त चिमटे वाढलेत, असं समजून घे.

तुझी,
बारकी


२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

वहिनीचे आशीर्वाद. हे पत्र तुझ्या दादाला कळू देऊ नकोस.

घरी आलेली पत्रं मीच वाचून दाखवते हे तुला ठाऊक आहे. सकाळी ह्यांचा चष्मा सापडत नाही आणि तोंडात घास असतो. तुझं पत्र खणखणीत आवाजात वाचलं. हे ऐकत होते, गालातल्या गालात हसत होते, आणि शेवटी म्हणाले, की बारकी अजून मोडक्या खुब्याच्या म्हाताऱ्यांतच अडकलीय. मग सायकल काढून गेले निघून. पत्र माझ्यापाशी राहिलं. त्यातलं अक्षर न् अक्षर सध्या मीच अमलात आणतेय.

दचकू नकोस. मी यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडापासून त्या मागच्या गटात जाते. माझा गुडघा धरला होता, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, आणि लेकीची जुनी सायकल माळ्यावर होतीच. पुढचा गट पहाटे निघतो आणि उन्हं चढल्यावर परततो. आमचा गट उजाडल्यावर निघतो, आणि हे यायच्या आत मी मशीनवर बसलेली असते. मी ह्यांना सांगितलं नाही. लपवलंही नाही. सायकल जिन्याखाली उभी असते, चाकांना चिखल असतो, माझ्या केसांच्या पार झिपऱ्या झालेल्या असतात. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आमचा गट फार गोड आहे गं. औषधवाले मुळात हळू नाहीतच, त्यांना प्रत्येक झाडापाशी काहीतरी आठवतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्याने राहवत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून कंटाळतात आणि रविवारी स्वतःचं उघडतात. मी तिथे कुणाची बायको नाही. शिवणवाल्या बाई आहे.

आता सांग, हे टाकीच्या चढावर नापास झाले तर येणार कुठे? आमच्यातच ना? पंधरा दिवसांत सगळ्यांच्या सीटची उंची बदलतील, चहा किती वेळात प्यायचा ते ठरवतील, औषधवाल्यांना मध्येच तोडतील. अडतीस वर्षांच्या संसारात माझं एकटीचं म्हणावं असं ही रविवारची सकाळ, एवढंच आहे. ते मला द्यायचं नाही. म्हणून पदर पसरते, काहीही कर पण तुझ्या भावाला पास कर.

पोटात ठेव, ओठांवर आणू नकोस. तुझ्यावर भरवसा आहे म्हणून लिहिलं.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून मी इतकी हसले, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मी इतकी वर्षं समजत होते, की माझ्या भावाच्या काळजीने झिजणारी बायको म्हणजे तू. तू तर त्याला पास करायला निघालीस ती त्याला चार हात लांब ठेवण्यासाठी!

त्याला मी झोडून काढीन, पण तो ऐकेल याची हमी देत नाही. लहानपणी आई म्हणायची, ह्याच्या कानाला फक्त टोपी अडकते. तू मात्र चालू ठेव. जन्मभर पायाने मशीन चालवलंस, तेव्हा हलक्या गिअरवर पाय भरभर कसे मारायचे ते तुला कुणी शिकवायला नको. वजन म्हणून इस्त्री चालेल.

गुपित माझ्यापाशी सुखरूप आहे. तुझा हात असाच डोक्यावर असू दे.

बारकी


२५ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अ. उ. आ. तुझं मत वाचलं, म्हणजे ऐकलं. पटलं नाही. विश्रांती म्हणजे गंज. मी रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा टाकीच्या रस्त्याला जातो आणि जीव तोडून चढतो. रात्रीचं जेवण सोडलं आहे. अंगातला कपडा वाऱ्याला अडू नये म्हणून तुझ्या वहिनीकडून सदरा दोनदा आत घेऊन घेतला. श्वास घ्यायला थोडा त्रास होतो, पण सवय होईल. पायांवरचे केस काढले, त्यानेही वारा कापला जातो म्हणतात. वहिनीने पायांकडे बघितलं आणि बराच वेळ मशीनच्या चाकाआड तोंड लपवून बसली. तिला वाईट वाटलं असावं.

इतकं करूनही वेग आठवड्याआठवड्याला घटतो आहे, हे मात्र खरं. सध्या वारा उलटा आहे. जाताना उलटा असतो, आणि येतानाही उलटाच असतो.

शेवटी खात्यातलं डोकं चालवलं. वजन आहे तिथून कमी करायचं. घंटी काढली, स्टँड काढला, मडगार्ड काढली. मग विचार केला, की परीक्षा चढाची आहे, आणि चढाला ब्रेक कशाला लागतो? मागचा ब्रेक काढला. पुढचा ठेवला आहे, मी काही अविचारी नाही. काढलेले सगळे भाग एकत्र काट्यावर ठेवून बघताना फार समाधान वाटलं.

तुझ्या वहिनीचं काहीतरी बिनसलंय. हातात इस्त्री धरून खुर्चीतून उठते, बसते, पुन्हा उठते. विचारलं तर कंबर मोकळी करतेय म्हणाली. वय झालं आता तिचं.

जिव्हाळा ठेव आणि वारा पडावा अशी इच्छा कर.

दादा


५ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी इथल्या जुन्या सहकारिणींना वाचून दाखवलं. त्या विचारत होत्या, हा माणूस आमच्या वॉर्डात दाखल कधी होतोय? खाट धरून ठेवायची का?

अरे, दमलेल्या बैलाला उपाशी ठेवून रोज दोनदा नांगराला जुंपलं, तर दोष वाऱ्याला द्यायचा का? तू सावकाश होतोयस कारण तुझं अंग तुझ्याकडे सुट्टी मागतंय. परीक्षेआधीचा अख्खा आठवडा अगदी हलकं चालव, आदल्या दिवशी सायकलला हात लावू नकोस, आणि जेव. ब्रेक आजच्या आज परत बसव. आयुष्यभर दुकानदारांच्या काट्यातला पासंग शोधलास, स्वतःच्या काट्यातला तुला दिसत नाही.

आणि वहिनी इस्त्री घेऊन उठते-बसते, ते एकदा चष्मा लावून नीट बघ. एवढंच सांगते, जास्त बोलणं माझ्या हातात नाही.

रागावलास तरी चालेल, जेवलास म्हणजे झालं.

बारकी


१२ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. परवाच्या रविवारी परीक्षा झाली. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

दोन्ही गट रेल्वेच्या पुलावर जमले होते. मागच्या गटात बघतो तर तुझी वहिनी, सायकल धरून उभी! मला खरंच भरून आलं. वाटलं, मला चढताना बघायला आली. मी तिला हात केला. तिने औषधवाल्यांकडे बघितलं.

आता एक तांत्रिक गोष्ट. पुलावरून टाकीच्या चढाला लागायचं तर आधी उतार आहे. रोज जाताना मी तो उतरत होतो, पण हल्ली रस्ता मोकळा असायचा, ब्रेकचं कामच पडायचं नाही. त्या दिवशी पुढेमागे माणसंच माणसं. एकटा पुढचा ब्रेक दाबला तर मागचं चाक उचललं जातं, हे मला नेमकं पुलावर आठवलं. मी विवेक केला आणि उतरून सायकल हातात धरून चालत निघालो. पेडलला अडकणाऱ्या त्या खिळेवाल्या बुटांत उतारावर चालता येत नाही. बुटांचा आवाज होत होता, पोरं मागे वळून बघत होती. ती सगळी उताराच्या जोरावर निम्मा चढ चढून गेलीसुद्धा.

मी खालून चढायला लागलो. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या आणि संपल्या. आदल्या दिवशी दोनदा चढून सराव केला होता, तो नडला असावा. नाहीतर वारा. रस्त्याच्या कडेला बसलो. औषधवाले येऊन शेजारी बसले, पाणी दिलं, आणि समोरच्या झाडाविषयी काहीतरी सांगत राहिले. मला तो माणूस तेव्हा इतका नकोसा झाला होता, आणि उठून गेला असता तर मी रडलो असतो.

तुझी वहिनी कुठे होती ते तिच्याकडूनच ऐक. मला त्या विषयावर लिहायचं नाही.

दादा


१३ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. ह्यांनी पत्र टाकलंय, पण निम्मंच लिहिलं असणार.

मी जायला तयारच नव्हते. औषधवाले म्हणाले, आपला गट दर वर्षी टाळ्या वाजवायला जातो, चला. मी सगळ्यांत मागे होते. उतारावर सायकल सोडली, चांगला जोर आला, आणि बघते तर पुढे हे सायकल हातात धरून टकटक चालतायत. मला बघून ओरडले, की थांब आणि माझी सायकल धर. बारके, आजवर म्हटल्याबरोबर थांबले आहे. दुकानात थांबले, फाटकात थांबले, जेवायची थांबले. त्या दिवशी पायांनी ऐकलंच नाही. हलका गिअर होता, पाय मशीनवर फिरतात तसे फिरत होते. बघता बघता पुढच्या गटाचं शेपूट दिसलं, आणि मी त्याला चिकटून टाकीपर्यंत गेले. वर जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. खूप आनंद झाला. असा आनंद कधी झाला होता ते आठवेना.

खाली आल्यावर सगळे जमले. ह्यांनी घसा साफ करून जाहीर केलं, की आता मी मागच्या गटात जातोय, तेव्हा हीसुद्धा अर्थातच माझ्याबरोबर मागेच राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी मला विचारलं नाही. मी म्हटलं, की नियम ह्यांचा आहे आणि त्यात यायलाच हवं असं लिहिलंय. वजन-मापे खात्यातल्या माणसाच्या बायकोने नियम मोडला तर लोक काय म्हणतील? डॉक्टरीणबाईंनी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, की हे कधीपासून चाललंय. मी सांगितलं. मग विचारलं, की मला कसं कळलं नाही. मी सायकल जिन्याखाली नेऊन उभी केली.

हे नाराज आहेत, पण रात्री दोन वेळा वाढून घेऊन जेवले. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवते.

वहिनी


२२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या पायांना, अभिमानाला आणि बुटांना, सगळ्यांना लवकर आराम पडो.

तुला खोटं सांत्वन देणार नाही. तुला कुणीतरी वाट बघणारं हवं होतं. पुढच्या गटातलं एकही पोर तुझ्यासाठी थांबलं नाही, आणि ज्याला तू हाकललंस तो रस्त्याच्या कडेला शेजारी बसला. वाट बघणारा मिळाला, तुला पसंत नाही हा भाग वेगळा. त्याच्या सीटची उंची बदलायला जाऊ नकोस.

अजून उशीर झालेला नाही. जेव, झोप, दोन दिवस जोर, बाकी हळू. माझं जानेवारीचं पत्र हवं असेल तर वहिनीकडे माग. ब्रेक बसवलास का ते कळव.

तुझी काळजी वाटते, म्हणूनच जीभ एवढी चालते.

बारकी


४ मे

चि. बारकीस,

वहिनीचे आशीर्वाद. इकडे आता सगळं बरं आहे. ह्यांनी ब्रेक बसवला आणि सदरा पुन्हा सैल करून मागितला. आमच्या, म्हणजे आता ह्यांच्या, गटात दोनच रविवारांत तिघांच्या सीट वर-खाली झाल्या. औषधवाल्यांनी मात्र ह्यांना झाडांच्या सगळ्या गोष्टी ऐकायला लावल्या असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला औषधवाल्यांची आठवण येते. पुढचा गट वेगात आहे पण मुका आहे, कुणी कुणाशी बोलत नाही. एवढं एक गेलं, त्याचं वाईट वाटतं. पण सकाळ माझी राहिली.

गेल्या रविवारी पहाटे निघताना हे अंगाभोवती शाल गुंडाळून दारात उभे होते. चहा स्वतः केला होता, कडू झाला होता. मी सायकल बाहेर काढली, तेव्हा त्यांनी विचारलं, की किती वाजता परत येणार. आपल्या घरात हा प्रश्न आजवर मी विचारत आले. कचेरीत जाताना, दौऱ्यावर जाताना, सायकलवर टांग टाकताना. उत्तर एकच मिळायचं, आणि मी त्याच्यावर अर्धं आयुष्य दाराशी काढलं.

मी म्हटलं, बघू. आणि निघाले.

तुझी,
वहिनी